हेरगिरी उपग्रह आणि आमची विहीर

माननीय संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील हेरगिरी उपग्रहांवरचा लेख वाचला. अंगणात बसलेल्या माणसाच्या हातातील वर्तमानपत्राचा मथळा अंतराळातून वाचता येतो, असे त्यात बिनदिक्कत लिहिले आहे. लेखकाची भाषा सुरेख आहे, याबद्दल दुमत नाही. प्रकाशाला मात्र भाषेची भुरळ पडत नाही.

दुर्बिणीला किती बारीक दिसावे, याची मर्यादा तिच्या आरशाचा व्यास ठरवतो. १९७६पासून सोडल्या गेलेल्या अमेरिकेच्या केएच-११ या हेरगिरी उपग्रहांचा आरसा हबल या अंतराळ दुर्बिणीएवढाच, म्हणजे सुमारे २.४ मीटरचा, मानला जातो. तेथील टेहळणी संस्थेने २०१२ साली नासाला दिलेल्या, वापराविना पडून असलेल्या दोन दुर्बिणीही त्याच मापाच्या होत्या. असा आरसा अडीचशे किलोमीटरवर असला आणि हवेची थरथर जमेस धरलीच नाही, तरी सहा सेंटिमीटरहून जवळच्या दोन वस्तू त्याला वेगळ्या दिसत नाहीत. दोन सेंटिमीटरचे अक्षर लावायचे, तर त्याच्या रेषा, म्हणजे चारएक मिलिमीटरचा तपशील, वेगळा दिसायला हवा; त्यासाठी आरसा पस्तीस मीटरच्या पुढचा हवा. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसासुद्धा अठरा तुकड्यांचा करून, घडी घालून न्यावा लागला होता.

एका लेखावर एवढे रागावायचे कारण काय, असे आपल्याला वाटेल. आमच्या कुळागरातील, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतील, विहिरीवर तीन पिढ्या पोफळी शिंपल्या गेल्या, पण नव्या नकाशात ती नाही. नोंद व्हावी म्हणून एका सरकारी कार्यालयात अर्ज केला, तेव्हा उपग्रहाच्या चित्रात विहीर दिसत नाही, सबब ती नाही, असे उत्तर मिळाले. पोफळी-माडांच्या दाट झावळ्यांखालचे वरून दिसणार कसे, असे मी विचारले, तर साहेबांनी खणातून वर्तमानपत्राचे असेच एक कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. प्रत्यक्ष येऊन पाहा, मी स्वतः कळशीभर पाणी काढून देतो, असे सांगूनही कोणी फिरकले नाही. चार हेलपाटे झाले. आपल्या देशाच्या कार्टोसॅट-३ या उपग्रहाला ५०९ किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि ते खरोखर अभिमानास्पद आहे. पण पानांच्या आडचे त्यालाही दिसत नाही आणि पावसाळ्यात ढगांखालचा गोवाही दिसत नाही. ढगांपलीकडचे पाहणारे रडारचे उपग्रह वेगळे, आणि त्यांनाही मथळे वाचता येत नाहीत. तेव्हा असे लेख छापताना निदान एक बेरीज-वजाबाकी करून पाहावी, ही विनंती. ही कात्रणे कोणाच्या खणात जातात, ते आम्ही अनुभवले आहे.

जाता जाता आणखी एक. याच पुरवणीत पूर्वी जेम्स वेबच्या आरशाचा व्यास ६५ मीटर छापला गेला होता. दशांशचिन्ह गळाल्याचे मी त्याच आठवड्यात पत्राने कळवले होते. ना पत्र छापले गेले, ना दुरुस्ती.

आपला,
एक बागायतदार वाचक,
सावईवेरे, फोंडा