घरी परतायला दहा वर्षे लागलेले कैदी

ग्योटिंगेन, जर्मनी
दि. १२ ऑक्टोबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोहोचले. फ्रीडलंडच्या, म्हणजे परतणाऱ्या कैद्यांच्या संक्रमण छावणीच्या, संग्रहालयाविषयी मी मागे लिहिलेल्या चार ओळींवर तुम्ही शिक्षकाला शोभेल असा नेमका प्रश्न विचारलात: जर्मनीने मे १९४५ मध्ये शरणागती पत्करली असताना रशियाने धरलेले शेवटचे जर्मन सैनिक घरी यायला १९५६ साल का उजाडले? थोडक्यात उत्तर असे, की सोव्हिएत युनियनला काम करणारे हात हवे होते आणि त्या काळचा कायदा त्याला आडवा येत नव्हता. परंतु एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही हे मी जाणते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचे पाहू. युद्धकैद्यांविषयीचा १९२९ चा जिनिव्हा करार कैद्यांची सुटका शांतता तहाशी जोडून ठेवत होता. सोव्हिएत युनियनने तो करार मुळात स्वीकारलाच नव्हता, आणि जर्मनीशी शांतता तह तर झालाच नाही, कारण तह करायला जर्मनीत सरकारच उरले नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी नुकसानभरपाईच्या मार्गांमध्ये जर्मन मजुरीचाही समावेश केला होता. त्यामुळे कैद्यांना राबवून घेणे ही एकट्या रशियाची मनमानी होती असे म्हणता येत नाही. फ्रान्सने खाणींत आणि शेतांत, ब्रिटनने शेतांत जर्मन कैदी १९४८ पर्यंत कामाला लावलेच होते. या अनुभवानंतरच १९४९ च्या नव्या जिनिव्हा करारात प्रत्यक्ष लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब सोडावे असे स्पष्ट लिहिले गेले.

आता हातांची गरज. सोव्हिएत युनियनची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे त्या युद्धात गेली. युक्रेनमधल्या दोनबासच्या कोळसा खाणी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पाण्याने भरून टाकल्या होत्या, मिन्स्क आणि स्टालिनग्राडसारखी शहरे दगडविटांचे ढीग झाली होती. ज्यांनी हे उद्ध्वस्त केले त्यांनीच ते बांधून द्यावे, हा युक्तिवाद तिथल्या सामान्य माणसालाही पटणारा होता. म्हणून कैदी खाणींत उतरले, उरलमध्ये लाकूडतोडीला गेले, कझाकस्तानात कारागांडाला पोहोचले. मॉस्कोत त्यांनी बांधलेल्या काही इमारतींत आजही लोक राहतात.

किती जण पकडले गेले, यावरच दोन देशांचे एकमत नाही. सोव्हिएत नोंदींप्रमाणे जर्मन कैदी सुमारे २४ लाख आणि त्यांतले मृत सुमारे साडेतीन लाख. पश्चिम जर्मनीने नेमलेल्या आयोगाने पकडलेल्यांचा आकडा ३० लाखांवर आणि मृतांचा १० लाखांच्या पुढे नेला. त्या आयोगाचे प्रमुख इतिहासकार एरिश माश्के स्वतः १९५३ पर्यंत रशियात कैदी होते. आयोगाच्या कामातून वीसहून अधिक ग्रंथ तयार झाले, पण पूर्वेकडील देशांशी संबंध सुधारण्याची खटपट चालू असल्याने सरकारने त्यांचा फारसा गाजावाजा होऊ दिला नाही. दोन आकड्यांमधली ही कित्येक लाखांची तफावत माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मूळ दुखणे आहे. कोणी शरण येताना मारला गेला, कोणी छावणीकडच्या पायपिटीत कोसळला, कोणी कैद होण्याआधीच रणांगणावर पडला होता. ज्यांची नोंद होण्यापूर्वीच अंत झाला ते रशियाच्या हिशेबात कधी आलेच नाहीत आणि जर्मनीच्या हिशेबात बेपत्ता म्हणून राहिले.

स्टालिनग्राडचे उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. ३१ जानेवारी १९४३ रोजी तिथे वेढल्या गेलेल्या जर्मन फौजेचे प्रमुख फील्डमार्शल पाउलुस शरण आले आणि २ फेब्रुवारीला उरलेली फौज. शेवटच्या दिवसांत पकडल्या गेलेल्या सुमारे ९१,००० सैनिकांपैकी पाच-सहा हजारच पुढे घरी परतले. वेढ्यात नोव्हेंबरपासून उपासमार झालेली ही माणसे अर्धमेल्या अवस्थेतच हाती आली होती. त्यांत उवांनी पसरवलेला टायफस, कडाक्याची थंडी, आणि इतक्या लोकांची सोय करण्याची सोव्हिएत यंत्रणेची तयारी नाही. यातले बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच गेले. सरसकट ठरवून मारले असा निष्कर्ष अभ्यासक काढत नाहीत. मात्र हेळसांड किती आणि हतबलता किती, हे तोलून सांगणे अवघड आहे. १९४६-४७ च्या दुष्काळात खुद्द सोव्हिएत नागरिक दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक संख्येने भुकेने मेले, तेव्हा कैद्यांच्या ताटात काय पडत असेल याची कल्पना करता येते. तरीही परतलेल्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते: कामावर जाणाऱ्या कैद्यांच्या रांगेतल्या कोणाच्या तरी हातात भाकरीचा तुकडा किंवा बटाटा सरकवणारी रशियन बाई. तिचा स्वतःचा मुलगा बहुधा जर्मन गोळीने गेलेला असे.

छावणीतला दिवस पावाभोवती फिरे. रोजचा वाटा कागदोपत्री साधारण ६०० ग्रॅम राय नावाच्या धान्याचा पाव, ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त काम केले तर थोडा अधिक, आणि सोबत कोबीचे पाणी म्हणावे असे सूप. पाव ओलसर आणि जड असे, त्यामुळे वजन भरले तरी पोट भरत नसे. कैद्यांनी काड्या आणि दोरा घेऊन हाताने तराजू बनवले होते. पाव कापणारा एकजण, तोलणारा दुसरा, आणि बाकीचे टक लावून बघणारे. कडेचा तुकडा कोणाला मिळायचा याच्या पाळ्या ठरलेल्या असत, कारण त्यात पाणी कमी आणि पाव जास्त. ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होई. उघड्याने रांगेत उभे करून डॉक्टर, बऱ्याचदा एखादी तरुण स्त्री, कैद्याच्या ढुंगणाची कातडी चिमटीत धरून ओढे आणि ती किती लवकर जागेवर जाते त्यावरून तो अवजड कामाचा, हलक्या कामाचा की काही दिवस विश्रांतीचा हे ठरे. जो फारच झिजला असेल त्याला सर्वांत आधी घरी पाठवत. १९४५-४६ मध्ये परतलेले कैदी त्यामुळे प्रामुख्याने आजारी आणि अपंग होते, आणि गावच्या स्टेशनावर उतरलेला मनुष्य आपलाच नवरा आहे हे बायकोला ओळखू येत नसे.

आता पत्रांविषयी, कारण तुम्हाला पोस्टाच्या जुन्या वस्तूंची आवड आहे. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट अशी दोन्ही चिन्हे छापलेले जोडकार्ड कैद्याला मिळे. अर्धा भाग त्याने लिहायचा, उरलेला अर्धा घरच्यांनी उत्तरासाठी फाडून घ्यायचा. शब्दांची मर्यादा २५. छावणी कुठे आहे, काय काम आहे, जेवण कसे आहे, यातले काही लिहिले तर कार्ड तपासणीतच अडकणार. पत्ता म्हणून नुसते मॉस्को आणि पोस्टबॉक्सचा क्रमांक. त्यामुळे मी बरा आहे, सर्वांना आठवण, लवकर भेटू, अशा मजकुरापलीकडे या कार्डांत काही सापडत नाही, आणि तरीही घरोघरी ती देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखी जपली गेली. लाखो घरांना तर असे एकही कार्ड आले नाही.

परतताना कैद्याची झडती होई आणि लिहिलेला कागद बहुतेक वेळा काढून घेतला जाई. म्हणून अनेकांनी छावणीत मेलेल्या सोबत्यांची नावे आणि गावे तोंडपाठ केली होती आणि जर्मनीत पाऊल ठेवताच ती रेड क्रॉसच्या लोकांना म्हणून दाखवली. याला अपवाद प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांचा, ज्यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळाले. ते ऑस्ट्रियाचे, नाझी पक्षाचे सदस्य, सैन्यात डॉक्टर. आर्मेनियातल्या छावणीत त्यांनी सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर आपला ग्रंथ लिहिला आणि १९४८ मध्ये तो सोबत घेऊन घरी येण्याची परवानगीही मिळवली. विद्वानाला मिळालेली ही सवलत साध्या शिपायाच्या वाट्याला आली नाही.

सुटकेच्या तारखा मात्र सतत पुढे सरकत राहिल्या. १९४७ च्या वसंतात मॉस्कोला परराष्ट्रमंत्र्यांची परिषद झाली, तेव्हा सोव्हिएत सरकारने ८,९०,५३२ कैदी उरल्याचे जाहीर केले आणि ३१ डिसेंबर १९४८ पर्यंत सर्वांना परत पाठवण्याचे ठरले. ती मुदत टळली. बहुसंख्य कैदी १९४९ च्या अखेरीस परतले, पण त्याच हिवाळ्यात हजारो जणांवर घाईघाईने खटले चालवून २५ वर्षांच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. फाशीची शिक्षा १९४७ मध्ये रद्द केलेली असल्याने २५ हा ठरीव आकडाच झाला होता. काही मिनिटांत आटोपणाऱ्या या सुनावण्यांत खरे गुन्हेगारही होते आणि विशिष्ट तुकडीत नोकरी केली एवढाच अपराध असलेलेही होते; १९९० नंतर रशियाच्याच लष्करी अभियोक्त्यांनी त्यांतले हजारो निकाल चुकीचे ठरवले. ५ मे १९५० रोजी तास या वृत्तसंस्थेने परतपाठवणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले: उरले ते शिक्षा झालेले ९,७१७, चौकशी चालू असलेले ३,८१५ आणि १४ आजारी. ज्यांच्या घरी तोवर ना कार्ड ना माणूस आला होता, त्या लक्षावधी कुटुंबांनी हा आकडा वाचला तेव्हा पश्चिम जर्मनीत संतापाची लाट उसळली. त्या काळी ठरलेल्या दिवशी लोक न परतलेल्या कैद्यांसाठी खिडक्यांत मेणबत्त्या लावत.

स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये काहीजण सुटले. उरलेल्यांसाठी सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले. तेथे कडाक्याची खडाजंगी झाली. सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी उरलेले ९,६२६ जण युद्धकैदी नसून गुन्हेगार असल्याचे सांगितले, आणि अखेर राजनैतिक संबंध प्रस्थापित करण्याच्या बदल्यात सुटकेचा शब्द मिळाला, तोही तोंडीच. ऑक्टोबर १९५५ पासून जानेवारी १९५६ पर्यंत हे लोक फ्रीडलंडला येत राहिले.

फ्रीडलंड माझ्या शहराच्या दक्षिणेला आहे, आगगाडीने थोड्या वेळात पोहोचता येते. तिथे पराभूत जर्मनीचे ब्रिटिश, अमेरिकन आणि सोव्हिएत ताब्यातले तिन्ही विभाग एकमेकांना भिडत, म्हणून ब्रिटिशांनी सप्टेंबर १९४५ मध्ये इथल्या विद्यापीठाच्या शेतीफार्मच्या गोठ्यांत संक्रमण छावणी उभारली. १९५५ च्या छायाचित्रांत घंटा वाजते आहे, लोक स्तोत्र म्हणत आहेत, आणि गर्दीत बायका नवऱ्याचा किंवा मुलाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून उंच धरून उभ्या आहेत: याला कोणी पाहिले आहे का? परतणाऱ्यांचे असे स्वागत झाले तेव्हा त्यांच्यातच आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत स्त्रियांवर वंध्यत्वाचे प्रयोग करणारा डॉक्टर कार्ल क्लाउबेर्ग होता. तो आपल्या त्या कामाची उघड बढाई मारू लागला, तेव्हा कुठे नोव्हेंबरमध्ये त्याला अटक झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण जर्मनीतसुद्धा ती फार उशिरा बोलली गेली. जर्मनांनी सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले आणि त्यांतले सुमारे ३३ लाख मेले, त्यांतलेही बहुतेक १९४१-४२ च्या एका हिवाळ्याच्या आसपास. मी राहते त्याच राज्यात बेर्गन-बेल्झन येथे उघड्या माळावर तारांच्या कुंपणात त्यांना ठेवले होते आणि एकट्या तिथे सुमारे २०,००० दगावले. जिवंत उरलेल्यांना २,५०० युरो देण्याचा निर्णय संसदेने घेतला तो २०१५ मध्ये. रशियाने स्वतःच्या उपाशी देशात जर्मन कैद्यांना अपुरे का होईना, पण खायला घातले; जर्मनीने त्या हिवाळ्यात सोव्हिएत कैद्यांची उपासमार धोरण म्हणून चालू दिली. दोन्हींना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही, आणि इथल्या वयस्क लोकांशी बोलताना या मुद्द्यावर अजूनही संभाषण अडखळते.

तुम्ही पत्रात नगरच्या ब्रिटिश नजरकैद छावणीचा उल्लेख केलात तो योग्यच आहे. १९३९ मध्ये हिंदुस्थानात असलेल्या जर्मन नागरिकांना आधी नगरला, मग देवळालीला आणि १९४१ मध्ये डेहराडूनला हलवले; पुढे तिबेटला पळून गेलेला गिर्यारोहक हाइनरिश हारेर त्यांतलाच. पण ते सैनिक नव्हते, त्यांना रेड क्रॉसची मदत पोहोचत होती, आणि त्यांच्या यादीत कोण आहे व कोण नाही याबद्दल कोणाला शंका नव्हती.

सोव्हिएत दप्तरे १९९० नंतर उघडली तेव्हा कळले, की नोंद झालेल्या प्रत्येक कैद्याची फाइल होती, चाळीसेक प्रश्नांची उत्तरे आणि शेवटी सुटकेची किंवा मृत्यूची तारीख. रेड क्रॉसच्या शोधसेवेने त्या प्रती मिळवून घरोघरी कळवायला सुरुवात केली, तोवर बहुतेक ठिकाणी वाट पाहणारी बायको गेलेली होती आणि पत्र सत्तरीच्या मुलीने उघडले. ज्यांची फाइलच नाही अशांची चौकशी करणारे अर्ज त्यानंतरही कित्येक वर्षे येत राहिले.

नगरच्या छावणीविषयी तुमच्याकडे जुनी कात्रणे असतील तर चिन्मयकडून फोटो काढून पाठवावीत. सौ. काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यांना आता कसे आहे ते कळवावे.

कळावे, लोभ असावा.

तुमची पुतणी,
मुक्ता