सूचना: टोपणनाव चालेल, पण फ्लॅट नंबर पाकिटात द्या
मंडळी नमस्कार, सोसायटीच्या टेलिग्राम ग्रुपवर नंबर लपवून टोपणनावाने लिहायची मुभा आपणच दिलीये आणि ती काढणार नाहीये, कारण टँकरच्या बिलाचा हिशोब नावानिशी विचारायला लोक कचरतात, घोडबंदर रोडला उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पण परवा रात्री साडेअकराला ‘काळा बोका’ने बी विंगच्या एका ताईंबद्दल नको नको ते लिहिलं, आणि सकाळी बघतो तर मेसेजही गायब अन् बोकाही गायब.

तर रविवारपर्यंत टोपणनाव आणि फ्लॅट नंबर चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात ऑफिसात द्या, पाकिटाच्या तोंडावर स्वतःची सही करा. कोणाबद्दल लेखी तक्रार आली तरच, तिघांसमोर, त्याचंच पाकीट उघडणार. कमिटीवर टीका केली म्हणून कोणाचं पाकीट फुटणार नाही, शिव्या घाला खुशाल (घालताच की).

दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक केली तर मात्र आयटी कायद्याचं कलम 66 डी आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. ‘अ‍ॅडमिनलाच धरा’ म्हणणाऱ्यांसाठी: मेंबरच्या पोस्टबद्दल निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 ला म्हटलंय.

ऑफिस संध्याकाळी 7 ते 9 उघडं, डिंक आपापला आणा.