गाठ उजळत नाही, भोवतालचे काळवंडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाची गाठ शोधून तिला चिकटणाऱ्या आणि एमआरआयमध्ये ती उजळवणाऱ्या नॅनोकणांची बातमी आपल्या विज्ञान पुरवणीत आली. तिचे कात्रण घेऊन परिचयातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. पत्नीचे क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडे कमकुवत, म्हणून एमआरआयमध्ये गाठ स्पष्ट दिसावी यासाठी देतात ते गॅडोलिनियम या धातूचे इंजेक्शन डॉक्टरांनी टाळले होते. ‘मग आमच्या हिला हे देतील का?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता.

बावीस वर्षे एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम केल्यामुळे मला ‘नाही’ म्हणावे लागले. प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरात आलेल्या लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचे काम बातमीतील वर्णनाच्या अगदी उलट चाले. शिरेतून दिलेले कण यकृतातील सफाई करणाऱ्या ‘कुफर’ पेशी गिळत, कणांच्या चुंबकत्वामुळे तेथील सिग्नल कमी होई आणि निरोगी यकृत काळे दिसे. गाठीत मात्र या पेशी बहुधा नसल्याने ती होती तशीच राही आणि म्हणून उठून दिसे. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले असे औषध अर्धा तास सावकाश चढवावे लागे, काहींची त्याने पाठ दुखे, आणि २००८ च्या सुमारास ते बंद पडले. प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांवरील २००३ च्या अभ्यासातही हेच तत्त्व होते: निरोगी लसिकाग्रंथी काळवंडत, रोग पोहोचलेल्या पांढऱ्या राहत.

कण थेट गाठीत पोहोचवण्याचे प्रयत्न खरे आहेत, पण दहा वर्षांतील प्रयोगांचा, मुख्यतः उंदरांवरील, २०१६ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात दिलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक वाटा जेमतेम ०.७ टक्के निघाला. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहेतच अडकतात. फ्रान्समध्ये मेंदूतील गाठींच्या रुग्णांना असे कण देऊन पाहिले गेले आहेत खरे, पण त्यांतही गॅडोलिनियमच आहे, म्हणजे या गृहस्थांची अडचण तेथेही सुटत नाही.

इंजेक्शनाशिवाय डिफ्युजन स्कॅनवर, म्हणजे ऊतींतील पाण्याच्या हालचालीवरून चित्र काढणाऱ्या एमआरआयवर, भागेल का, हे डॉक्टरांना विचारा, असे मी त्यांना सांगितले. आपल्याला विनंती अशी, की अशा बातमीत प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे.

आपला,
एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ, मिरज