मांड्याला डोळे कुठे काढायचे?

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय सखीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नातवंडे चित्रे काढायला बसतात, पण मोबाइलवर पाहिलेला हसरा बर्गर आणि हसरा पिझ्झा यांपलीकडे जात नाहीत, त्यांचे कौतुक करावे की त्यांना अडवावे हे कळत नाही, असे तू लिहिले आहेस. मलाही अगदी हाच अनुभव आला, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यापासून रविवारी सकाळी आमच्या सोप्यात गल्लीतली दहा-बारा मुले जमतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक गोल काढला, त्यात दोन मोठे डोळे आणि हसरे तोंड काढले आणि हा आपला लाडू म्हणून सांगितले. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वहीत तोच गोल उतरला. एकाने त्याला नारिंगी रंग देऊन संत्रे केले, दुसऱ्याने पिवळा देऊन सूर्य केला, आणि लाडवाचा रवाळपणा कोणाच्याच चित्रात आला नाही. चूक माझी होती. डोळे आधी हाती दिले की मुले पदार्थाकडे बघतच नाहीत, कारण चेहरा झाला की त्यांच्या लेखी चित्र पुरे झालेले असते.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या लग्नघरी मांडे करणाऱ्या बाई येणार होत्या. त्यांची परवानगी घेऊन मी मुलांना तिथे नेले. तुझ्या रुखवतातले मांडे तुला आठवत असतील, पण ते होताना आपण दोघींनी कधी निवांत बसून पाहिले नव्हते. पिठीसाखर, तूप आणि खसखस यांचे सारण भरलेली पोळी लाटून झाली की बाई ती उचलून दोन्ही हातांवर अशी खेळवत की ती आपल्याच वजनाने पसरत जाई, आणि पुरेशी पातळ झाली की जाळावर पालथ्या घातलेल्या कढईवर अलगद सोडत. मांडा गरम आहे तोवरच त्याची घडी घालावी लागते, कारण निवला की तो कुरकुरीत होतो आणि मग घडी घालायला गेले तर मोडतो. मुले तासभर हलली नाहीत. कन्नड घरातला एक मुलगा ‘आमच्याकडे याला मंडिगे म्हणतात’ असे म्हणाला, आणि मग येता येता सगळी रस्ताभर दोन्ही नावे आळीपाळीने म्हणत होती.

पुढच्या रविवारी मी प्रत्येकासमोर कागदावर एकेक मांडा ठेवला आणि पहिली पंधरा मिनिटे चेहरा काढायचा नाही, एवढीच अट घातली. काय दिसते ते आधी काढायचे. सहावीतल्या एका मुलीने पेन्सिल बाजूला ठेवली, वहीचे पान फाडून त्याची मांड्यासारखी घडी घातली, ती उघडली, पुन्हा घातली, आणि मगच चित्राला हात लावला. तिच्या मांड्याच्या कडेला पदरांच्या रेघा अगदी जिथे हव्यात तिथे आल्या. रंगवताना सगळ्यांचा हात पिवळ्या खडूकडे गेला, तेव्हा मी मांडा कागदाच्या शेजारी धरून दाखवला. कागदाचा पांढरेपणा बराचसा तसाच सोडायचा, कडेला फिकट बदामी रंग फिरवायचा आणि भाजल्याचे डाग तेवढे तपकिरी तेली खडूने टेकवायचे, हे मग त्यांना सांगावे लागले नाही.

आता डोळ्यांविषयी, कारण तू ते मुद्दाम विचारले आहेस. डोळे मध्यरेषेच्या खाली, एकमेकांपासून थोडे लांब काढले आणि तोंड त्यांच्या जवळ अगदी लहान ठेवले की पात्र बाळासारखे गोजिरे दिसते. कॉनरॅड लोरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये हेच मांडले होते, की मोठे कपाळ, खाली असलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल पाहिले की माणसाला आपोआप माया वाटते. दोन्ही बुबुळांत एकाच बाजूला पांढरा ठिपका सोडला की नजर जिवंत होते. पण मांड्याच्या बाबतीत मुलांनी याहून चांगली जागा शोधली. घडीचा वरचा पदर त्यांनी जरासा उचललेला काढला आणि डोळे त्याच्या खाली ठेवले, त्यामुळे तो दुलईतून बाहेर बघतो आहे असे वाटते. भाजल्याचे दोन डाग आपसूकच गाल झाले. मला हे सुचले नसते, आणि मी फळ्यावर डोळे काढले असते तर त्यांनाही सुचले नसते.

मांडोबा हे नाव त्यांनीच ठेवले. तो कसा वागेल यावर बराच वाद झाला. त्याला मिठी मारलेली चालत नाही, कारण तो मोडतो, आणि पाऊस आला की तो घरात पळतो, कारण दमट हवेत तो मऊ पडतो. स्वभाव असा पदार्थाच्या गुणातून आला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. मनातले मांडे या शब्दांचा अर्थ एका आजीने त्यांना सांगितला, तेव्हा एकाने झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर तरंगणारा मांडोबा काढला. ते चित्र मी भिंतीवर लावले आहे.

तू नातवंडांचा बर्गर अडवू नकोस. त्याच्या शेजारी ताटलीत तुमच्याकडची एखादी घावन ठेव, तिची जाळी त्यांना बोटाने चाचपू दे आणि डोळ्यांची घाई करू देऊ नकोस. आम्ही पुढच्या रविवारी गोकाकचा करदंट घेणार आहोत. गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याच्या त्या खडबडीत वडीला गुळगुळीत चेहरा शोभणार नाही, तेव्हा डोळे बदामाचे करायचे की बदाम बदामच राहू द्यायचे, यावर आत्ताच दोन तट पडले आहेत. तुझे मत कळव.

सोबत त्या सहावीतल्या मुलीचे चित्र पाठवते आहे. कोपऱ्यावरचा डाग रंगाचा नाही, तुपाचा आहे. तो पुसायचा नाही, असे तिने बजावले आहे.

तुझी,
बालमैत्रीण