सत्काराबरोबर आठवणीही नोंदवून घ्या

महोदय,

१६ डिसेंबर जवळ आला की गावोगावी १९७१ च्या युद्धातल्या जवानांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, चार भाषणे, फोटो. ज्याने प्रत्यक्ष लढाई पाहिली, त्याच्या हाती माईक येतो तो आभार मानण्यापुरता. तेव्हा विशीत असलेली ही माणसे आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. म्हणून नातवंडांना कळकळीची विनंती, त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम आता पुढे ढकलू नका.

आधी कागद काढा, मग आजोबांना बसवा. पन्नास वर्षांत स्वतः पाहिलेले, सोबत्याकडून ऐकलेले आणि सिनेमातले एकमेकांत मिसळून जाते. कागद समोर असला की ते वेगळे करता येते. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेत, आर्मी नंबर, पलटण, भरतीची तारीख मिळते. पदकांत ‘पूर्वी स्टार’ असेल तर पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम. पदकांना ब्रासो (पितळ चकाकवायचे पॉलिश) लावू नका, कोरलेला नंबर आणि नाव झिजते. पत्रांवर ठिकाण नसते, नुसते ९९ एपीओ किंवा ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर. पहिला पूर्वेकडचा, दुसरा पश्चिमेकडचा. पण टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते आणि त्या तारखेला पलटण कुठे होती ते शोधता येते. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत १ मराठा लाइट इन्फंट्री होती आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडले. त्याच दिवशी तिथल्याच टांगाईलला पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही मराठा लाइट इन्फंट्रीचीच जुनी तिसरी पलटण. घरचे लोक या दोन्हींत हमखास गल्लत करतात.

पत्रे घडीवर फाटलेली असली तरी सेलोटेप लावू नका. डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा. फोटोमागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने.

रेकॉर्डिंग सकाळी, चहा झाल्यावर, चाळीस मिनिटांपुरतेच. पंखा आणि फ्रिज बंद, फोन फ्लाइट मोडवर, कॉलर माईक छातीवर. तोफांच्या आवाजाने अनेकांचे ऐकू येणे गेलेले असते, म्हणून चांगल्या कानाच्या बाजूला बसा. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘ड्यूटी होती’ एवढेच उत्तर येते. पिठ्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) काय काय होते, शक्करपारे किती दिवस पुरले, बूट ओले झाल्यावर काय केले, शेजारच्या खंदकात कोण होते, असे विचारा; मग माणूस बोलू लागतो. तारीख चुकली तर मध्ये टोकू नका, नंतर वहीत नोंदवा. गळा दाटून आला तर थांबा, पुढचे दुसऱ्या दिवशी. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा.

या नातेवाइकाशिवाय काम पुरे होतही नाही. जवानाची पत्रे एका घरात क्वचितच सापडतात: बहिणीला लिहिलेली तिच्या सासरी, भावाची मुंबईच्या खोलीत. आत्या, चुलत आजोबा, त्यांची मुले कुठे पांगली हे कळत नसेल तर तलाठ्याकडचा गाव नमुना ६-क, म्हणजे वारसा नोंदवही, आणि जुने फेरफार पाहा. वारस म्हणून लागलेल्या मुलींची नावे त्यांत मिळतात. सांगली-कोल्हापूरकडे हेळव्यांच्या (घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांच्या) वह्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांत पिढ्यांची नोंद असते. एक खबरदारी मात्र घ्या. वारस नोंद चाळतोय म्हटले की भावकीला जमिनीचा संशय येतो. पहिल्याच फोनवर सांगा की वाटणीचा विषय नाही, आजोबांची पत्रे हवीत, आणि तीही स्कॅन करून परत देऊ.

सत्कार करणाऱ्या मंडळांनी यंदा मंचाशेजारी एक टेबल, एक स्कॅनर आणि दोन तरुण मुले बसवावीत. येताना डिस्चार्ज बुक आणि पत्रे आणा, असे निमंत्रणपत्रिकेतच छापावे. कागद त्याच दुपारी मालकाच्या हाती परत जावेत, स्कॅनची प्रत पेनड्राइव्हवर घरच्यांना मिळावी.

आपला,
एक वाचक, सातारा