मिशी घरून आणीन

सुमे,

आधी शिव्या दे, मग पुढे वाच. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा चकल्या तळत होते, नंतर करते म्हणाले आणि केला नाही, मान्य. मेसेज टाकला असता तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस, म्हणून हे लांबलचक. तब्येत ठीक, थायरॉइडची गोळी चालू, ह्यांची शुगर ते सांगतात त्यापेक्षा थोडी जास्त. झालं.

आता ऐक. शाळेत मल्हाररावांची मिशी परत आलीये.

थांब, पहिल्यापासून सांगते. यंदा अहिल्याबाईंचं तीनशेवं वर्ष, ३१ मे १७२५ चा जन्म, त्यामुळे इंदुरात वर्षभर जिथं बघावं तिथं त्याच. आमच्या एन्युअल फंक्शनचं नाटकही तेच ठरलं, आणि नाटकाचा पिरियड माझ्याकडे म्हणून लिहायचंही मीच, बसवायचंही मीच, पडदा अडकला तर बोलणीही मीच खायची. हिंदीत आहे, पाऊण तासाचं.

ऑडिशन तीन दिवस चालली, ४३ मुलं. एक मिनिटाचं काहीतरी पाठ करून आणायचं, आणि मग मी हातात देईन तो कागद तिथल्या तिथे वाचून दाखवायचा. आवाज, शरीर, भाव आणि चौथं म्हणजे सांगितलेलं ऐकून बदलता येतं का, प्रत्येकी १० मार्क. हा चौथा रकाना मी वाढवलाय, कारण पाठ करून रडणारे ढिगानं मिळतात पण "आता हेच न रडता म्हण" म्हटलं की गडबडतात. (तू काय म्हणशील ते मला माहितेय. येतंय ते पुढे.) मुलगे फक्त १२ आले, त्यातल्या ९ जणांना तलवार हवी होती, एकानं विचारलं, मैम, घोड़ा असली रहेगा क्या.

वाचायला सीन दिला तो १७५४ चा. कुम्हेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेलेत, अहिल्याबाई सती जायला निघाल्यात आणि सासरे मल्हारराव त्यांना अडवतायत. हो, तोच. आपलाच. मुद्दाम नाही घेतला गं, अहिल्याबाईंचं नाटक म्हटलं की तो सीन टाळणार कसा.

तर अकरावीत एक मुलगी आहे. आवाज असा की "प्रेज़ेंट मैम" म्हटलं तर व्हरांड्यातला शिपाई आत डोकावतो. जुलैमध्ये वर्गात मी रस शिकवत होते, म्हणजे भरतमुनींचे आठ सांगायचे आणि एकच वाक्य आठही रसांत म्हणायला लावायचं. वाक्य काय, तर "चाय बनी क्या?" वीर रसात एकानं असं म्हटलं की चहा घाबरून उतू गेला असता. शेवटच्या बाकावरून आवाज आला, मैम, नौवाँ कहाँ गया, तर मी सांगितलं की शांत रस नंतर जोडला, तर म्हणे हमारी क्लास में अभी तक नहीं जुड़ा. असा सगळा धिंगाणा चालू होता आणि ह्या पोरीला करुण आला. तिनं काही केलंच नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघून, त्या ढोलासारख्या आवाजात, एकदम हळू विचारलं, चाय बनी क्या. कोणी हसलं नाही. मी बेल होईपर्यंत वहीत काहीतरी लिहायचं नाटक करत बसले.

तीच ऑडिशनला आली, अहिल्येसाठी, आणि छान वाचलं तिनं. न रडता वाच म्हटलं, वाचलं. वाचता वाचता पाण्याचा ग्लास उचल म्हटलं, उचलला. घरी येऊन बेरीज केली तर ३४. तिच्याखालोखाल जी आहे, लांब वेणीची, गोरी, बटण दाबल्यासारखी रडणारी, तिला ३१.

पण सुमे, बेरीज मी घरी येऊन केली. ती वाचत होती तेव्हाच, म्हणजे ती माझ्यासमोर उभी असतानाच, मी तिच्या नावापुढे पेन्सिलीनं "मल्हारराव" लिहून टाकलं होतं. विचार न करता, भाजीच्या यादीत मिरच्या लिहावं तसं.

शनिवारी यादी लागली. मला वाटलं येईल, चिडेल, निदान तोंड पाडेल. आली, हसली, आणि म्हणाली, "कोई बात नहीं मैम, मूँछ मैं घर से ले आऊँगी."

अगं माझ्या हातातला खडू पडला. १९९१, आपल्या नववीचा वर्ग, सर यादी वाचतायत आणि तू उभी राहून म्हणतेस, "चालेल सर, मिशी मी घरून आणीन." सगळा वर्ग हसला, तूही हसलीस, मी तर सगळ्यात जोरात.

आणि रवींद्र नाट्यगृहात ती मिशी निम्मी सुटली ते? रामबागच्या गणपतीच्या नाटकात काका लावायचे तीच ना ती? तू बोट नाकाखाली दाबून बोलत राहिलीस आणि लोकांना वाटलं मल्हारराव डोळे पुसतायत, पहिल्या रांगेतल्या बायका पदर लावून रडायला लागल्या. मी तिकडे ग्लिसरीन घालून ढसाढसा रडत होते, माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. तुझ्या हळदीच्या दिवशी तू म्हणालीस ना, "तुला रडता येत होतं म्हणून तुला अहिल्या मिळाली", तेव्हा मी चार महिने बोलले नाही ते ह्यासाठी. खरं होतं म्हणून. तुला वाटलं मी साडीवरून रुसले. (साडीवरूनही होतेच थोडी. ती जांभळी मला देणार म्हणाली होतीस.)

आता एक सांगते, चौतीस वर्षं सांगितलं नाही. यादी लागायच्या आदल्या दिवशी सरांनी मला स्टाफरूमच्या दारात विचारलं होतं. मी मॉनिटर होते, वह्या द्यायला गेले होते, आणि ते सहज म्हणाले, काय गं, तुम्हा दोघींत अहिल्या कोण करेल? आणि मी म्हटलं, "सुमेचा आवाज मल्हाररावांना चांगला शोभेल." बस, एवढंच. खोटं नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं पचलं.

आणि आताही खोटं नाहीये, हीच तर पंचाईत आहे. त्या १२ मुलग्यांत एकाच्याही आवाजाला वजन नाही, ती मल्हारराव झाली नाही तर तो सीन झोपतो. सीन तसा मल्हाररावांचाच आहे, मागायचं त्यांनाच आहे, अहिल्येला फक्त ऐकून बदलायचंय. हे मी स्वतःला दोन दिवस समजावतेय. मग रविवारी जिलेबी घ्यायला राजवाड्याकडे गेले, तिथं बागेतल्या पुतळ्यासमोर थांबले आणि डोक्यात आलं की १७६५ चं सासऱ्याचं पत्र आहे, त्यात ते ह्या बाईला सांगतायत की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तोफांचं बघ, दारूगोळ्याचं बघ. सुनेला! अशी बाई काय बासरीसारखं बोलत असेल? आपणच तिला पांढरी साडी नेसवून हळू आवाजात बसवलंय, आणि ते बसवणाऱ्यांत मी आहे, स्क्रिप्ट माझंच आहे ना.

तर बदलू का यादी? वेणीवालीच्या आईनं पांढऱ्या माहेश्वरीचा फोटोही पाठवलाय, मैम ये चलेगी ना. प्रिन्सिपल म्हणतील यादी एकदा लागली की लागली. आणि वेणीवालीचा तरी काय दोष, ३१ काही कमी नाहीत. मंगळवारी पहिलं वाचन आहे. मनात असं आहे की दोघींना उलटसुलट वाचायला लावावं, एकदा ही अहिल्या, एकदा ती, पण मग वेणीवालीला मल्हारराव वाचताना पोरं हसतील आणि ती खरंच रडेल.

तुला विचारायचं ते हे, की त्या दिवशी तू घरी जाऊन काय केलंस? वर्गात हसलीस ते माहितेय. घरी? परत कधी स्टेजवर चढली नाहीस ते बँकेच्या परीक्षांमुळे, असं तू सांगतेस आणि मी मानते. सोमवारी रात्रीपर्यंत फोन कर. पण हसून नको सांगूस, तू हसून सांगितलंस की मला काही कळत नाही.

प्रमोशनचं कळलं, पेढे कुरिअर कर, पुण्याचे का असेनात. आईंच्या गुडघ्याचं कधी ठरतंय? लेकीला म्हणावं मावशीकडे ये, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला घालते.

तुझी,
मंदी

ता.क. मिशी आलीसुद्धा. टिफिनच्या डब्यात, टिश्यूत गुंडाळून, सोबत स्पिरिट गमची बाटली. भावाची आहे म्हणे. सगळे गेल्यावर मी स्टाफरूमच्या आरशात लावून बघितली. डावीकडून सुटते.