स्मरण : शनिवारची चर्चा

सभासदहो,

येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता, नेहमीच्या जागी, आयरिश कायदेतज्ज्ञ फिनूला नी ईलॉन यांच्या कामावर चर्चा आहे. दहशतवादविरोध आणि मानवी हक्क या विषयासाठी २०१७ ते २०२३ या काळात त्या संयुक्त राष्ट्रांच्या स्पेशल रॅपोर्टर (नेमून दिलेल्या विषयाची स्वतंत्रपणे पाहणी करून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञ) होत्या. क्युबातला अमेरिकेचा ग्वांतानामो तुरुंग आतून पाहायला मिळालेल्या त्या पहिल्याच रॅपोर्टर. त्यांचा अहवाल जून २०२३मध्ये आला तेव्हाही ३० जण तिथे कैदेत होते.

आपला भर मात्र त्यांच्या मार्च २०२३च्या अहवालावर राहील : ड्रोन, बायोमेट्रिक्स आणि स्पायवेअर (फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर). दहशतवाद्यांसाठी म्हणून आणलेली साधने पत्रकार-वकिलांवर कशी वळतात, ते त्यात वाचा. (पेगॅसस हे स्पायवेअर आठवतंय ना?) निदान स्पायवेअरचा भाग तरी वाचूनच या, नुसतं ऐकायला नको.